दुसऱ्या हाकेची वाट

कळंबात कोणी कोणाला एकदा हाक मारत नाही. मारली तरी उपयोग नाही, कारण पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. तुम्ही दारात उभे राहा, कडी वाजवा, ‘काकू’ म्हणून गळा फाडा. आतून फोडणीचा वास येत असेल, भांड्यांचा आवाज येत असेल, पण उत्तर म्हणून येणार नाही. मग दुसऱ्यांदा ‘काकू’ म्हटलं की अगदी दाराच्या मागूनच आवाज येतो, ‘कोन हाये? या ना आतमंधी!’ म्हणजे बाई इतका वेळ तिथंच उभी होती.

बाहेरच्या माणसाचं डोकंच फिरतं. माझंही फिरतं, आणि मी तर इथलीच पोरगी. नागपूरहून मी आईसाठी औषधं मागवायची, गुडघ्याचा पट्टा मागवायची. पार्सलवाला दारात येऊन एकदा ओरडणार आणि ‘घरी कोणी नाही’ म्हणून चालता होणार. आई आत बसलेली! फोनचंही तेच. आमच्या गल्लीत पहिली रिंग वाजून वाजून मरते. दुसऱ्यांदा लावला की लगेच उचलतात आणि वरून मलाच विचारतात, ‘काहून व, आज उशिरा फोन केला?’ बाप्पा! काय बोलावं अशा माणसांशी.

यामागचं कारण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे देवाला चढून जात नाहीत, उतरून जातात. चिंतामणी जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरत जा, हवा गार होत जाते, खाली कुंड आणि गणपती. बाहेरगावचे लोक चतुर्थीला येतात, नवल करतात, पेढे घेऊन परत जातात. आम्हाला नवल नाही. आम्हाला एवढंच माहीत, की देव जिथे बसलाय तिथेच कधीकाळी गाव होतं आणि मग गावावर गाव बसत गेलं. नळाच्या पाइपासाठी गल्ली खोदली तेव्हा विटांची आख्खी रांग निघाली आणि जात्याची एक तळी निघाली. विटा मजुरांनी पुन्हा बुजवल्या. तळी शेजारच्या काकूंनी उचलून ओट्यापाशी ठेवली आणि तिच्यावर तुळशीची कुंडी मांडली.

तर म्हणणं असं, की खाली राहणारे अजून खालीच आहेत. त्यांना वर यायला वाट नाही, म्हणून ते हाक मारतात. ओळखीच्या आवाजात मारतात. पण त्यांच्या अंगात एकाच हाकेचा दम असतो. दुसरी त्यांच्याच्याने होत नाही. म्हणून पहिलीला ओ द्यायची नाही, दिली तर तुमची वाट खाली उघडते. दुसरी आली की समजायचं, वरचा माणूस आहे.

मी विज्ञान शिकलेली, नागपुरात सरकारी नोकरी करणारी बाई. मी हे सगळं हसण्यावारी नेते. आणि तरीही पन्नाशी आली तरी मला एका हाकेला ओ देता येत नाही. ऑफिसात साहेबांनी एकदा हाक मारली की मी मान खाली घालून बसते. माझ्या नावावर कामचुकार म्हणून शेरा बसायची वेळ आली होती.

आई मात्र इथली नव्हती. तिचं माहेर बोरी अरबचं, भरल्या बाजाराच्या गावचं. तिथे हाक मारायच्या आधीच लोक उत्तर देतात. लग्न होऊन आली तेव्हा ती प्रत्येक हाकेला ‘ओ’ म्हणत धावायची. भाजीवालीला ओ, शेजारच्या पोराला ओ, कोणाच्या म्हशीला हाकललं तरी ओ. गल्लीतल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. नवी सून खालच्यांना वर आणते की काय, अशी चर्चा सुरू झाली.

तिला शिकवलं ते बाबांनी. बाबा तहसील कचेरीत होते, कागदाचे आणि शिस्तीचे माणूस. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण गावच्या रीतीवर होता. ते अंगणात उभे राहून तिला हाक मारायचे, ‘अव!’ ती ओ द्यायला तोंड उघडायची, की ओठावर बोट ठेवायचे. मग थोडं थांबून पुन्हा ‘अव!’ आता दे. आई हे सांगायची तेव्हा लाजायची. ‘पोपटावानी शिकवलं मले तुया बापानं,’ म्हणायची. त्या दोघांचा तो खेळच होता लग्नाच्या पहिल्या वर्षी. आणि नंतर आयुष्यभर बाबांनी तिला कधी एकदा हाक मारली नाही. चहा पाहिजे असो की चष्मा, ‘अव! ... अव!’ मधलं अंतर ठरलेलं.

एक सांगायचं राहिलं. गल्लीत कुठेही एकटी हाक आली, की सगळे थांबतात. ठरवून नाही, आपोआप. काकूंचा पाटा थांबतो, टेलरभाऊंची मशीन थांबते, रेडिओचा आवाज कोणीतरी बारीक करतं. सगळी गल्ली दुसरीची वाट पाहते. दुसरी आली की सगळं पुन्हा सुरू. मला लहानपणी ती थांबलेली गल्ली आवडायची. आता आठवायलाही नको वाटते.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. सकाळची वेळ होती, ऊन अंगणात आलेलं. आमची न्हाणी घराबाहेर, अंगणाच्या टोकाला. बाबा आंघोळीला गेले होते. आई चुलखोलीत पोळ्या करत होती, सोल्याची म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी शिजत होती. बऱ्याच वेळानं आई पाहायला गेली तेव्हा बाबा न्हाणीत पडलेले होते आणि नळ सुरू होता.

मी नागपूरहून पोचले तेव्हा गल्ली ओट्यांवर बसलेली होती. सगळ्यांनी एकच सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘आमाले काईच आयकू नाही आलं व, मी मागच्या अंगणात होती.’ टेलरभाऊ म्हणाले, ‘मशीन सुरू होती बाई, मशीनपुढं कुठं काय आयकू येते.’ आईनंही मान हलवली. तिलाही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. मी त्यांच्याशी भांडले. सांगता येत नाही म्हणजे काय? तुमचं कामच सांगायचं आहे!

खरं काय ते आईनं मला उन्हाळ्यात सांगितलं. गच्चीवर आम्ही दोघी वाळवण उलटवत होतो. तिनं हातातली कुरडई खाली ठेवली आणि म्हणाली, ‘त्याईनं हाक मारलती.’

‘कधी?’

‘त्याच दिवशी. अव म्हनलं. मी तव्यापाशी होती. म्हनलं, आता दुसरी मारतीन. तव्यावरची पोयी भाजून झाली, खाली उतरवली, तरी दुसरी नाही आली. मंग म्हनलं, ते नाहीत हे. ते कसे एकडाव मारतीन? ते तर कधीच मारत नाहीत.’

ऊन डोक्यावर होतं. मी उलटवलेलीच कुरडई पुन्हा उलटवली.

‘आन टेलरची मशीन थांबलती,’ आई म्हणाली. ‘म्हनून तर मले पटलं का भास नोहे. त्यानंबी आयकली.’

मी उठलेच. खोटारडा मेला! मशीन सुरू होती म्हणतो? आत्ता जाऊन त्याची गचांडी धरते, म्हटलं. आईनं माझ्या ओढणीचा पदर धरून मला खाली बसवलं. ‘नोको. मी बायको असून नाही उठली, तो कायले उठन? तुया बापानंच शिकवलं होतं ना मले.’ आणि ती पुन्हा कुरडया उलटवू लागली.

मला वाटतं त्या दिवसापासून तिनं ते सुरू केलं. किंवा आधीपासून सुरू असेल, माझ्या लक्षात तेव्हा आलं. ती ओ देऊ लागली. कोणत्याही हाकेला, पहिल्याच. कल्हईवाला आला, ‘ओ.’ पलीकडच्या गल्लीत कोणी कोणाच्या पोराला बोलावलं, ‘ओ.’ कुकरची शिट्टी झाली, कोकिळा ओरडली, मंदिराच्या भोंग्यावर कोणी ‘हॅलो हॅलो’ केलं, आईचं आपलं शांतपणे ‘ओ’. हातातलं काम न थांबवता. जशी काही शेजारच्या खोलीत कोणाशी बोलते आहे.

गल्ली घाबरली. काकूंनी मला दारात गाठलं. ‘वहिनीले सांग व, असं नोको करू म्हना. खालचे घिऊन जातीन तिले.’

माझं तोंड सुटलं. ‘खालचे नेवोत की वरचे, तुम्हाला काय करायचंय? त्या दिवशी कुठं होते तुम्ही सगळे?’ काकूंचा चेहरा असा उतरला, की मला आत येऊन पाणी प्यावं लागलं.

आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘नेऊ दे ना. तथीच तर गेलेत ते.’ मग म्हणाली, ‘त्याईची कोन्ती हाक असन, मले काय मालूम? म्हनून सगयाईलेच देतो. एखादी त्याईची असन तर चुकाले नोको आता.’

मी दर शनिवारी जात राहिले. आता वर्ध्याहून रेल्वे येते, पण माझा भरवसा बसवरच. त्या घरात मला बसवत नसे. एकदा दुपारी मी मधल्या खोलीत पेपर वाचत होते. अंगणाकडून आवाज आला. अव. एकदाच. पारवा असेल, दुसऱ्या कोणाच्या घरातला असेल, दार कुरकुरलं असेल. पण मी, इतकी शिकलेली बाई, पेपर तसाच धरून बसले. हलले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. मी दुसरीची वाट पाहत होते. आणि चुलखोलीतून आईचा आवाज आला, ‘ओ, आली.’ तिनं पदराला हात पुसले, अंगणात गेली, न्हाणीच्या बंद दारापुढे थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. मी संध्याकाळची बस पकडून नागपूरला पळाले. पळाले हाच शब्द खरा.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आईला इथे आणायचं. ती तिथे एकटी. तिचे गुडघे गेलेत. उद्या ती पडली, तर किती जोर असेल तिच्यात? एक हाक मारेल. आणि ती सगळी गल्ली पाटा थांबवून, मशीन थांबवून, कान देऊन बसून राहील. दुसरी येईपर्यंत. बाबांच्या वेळी जे झालं तेच होईल. मला झोपेतही तेच दिसायचं, थांबलेली गल्ली.

आईनं वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबू दे म्हटलं. मी थांबले. श्राद्ध झालं, पाहुणे गेले. दोन पिशव्या भरल्या, देवघरातला गणपती तिनं पदराच्या टोकात बांधून घेतला. जेवणं उरकून निघायचं होतं. गाडी सांगितली होती. आई कोणाला भेटायलाही गेली नाही. शेवटच्या पोळ्या करायला चुलीपुढे बसली. तवा चढला, सोल्याची भाजी शिजत होती. पुन्हा तोच हिवाळा आला होता.

बाबा गेल्यावर घरात बांधलेल्या बाथरूमच्या नळाला नेमकं तेव्हाच पाणी नव्हतं. म्हणून मी अंगणातल्या न्हाणीत गेले. वर्षभर तिचं दार कोणी उघडलं नव्हतं. आत कोळिष्टकं होती, बाबांची साबणदानी तशीच होती. मी डोळे मिटून भराभर पाणी अंगावर घेतलं. आणि मग लक्षात आलं, टॉवेल विसरले. थंडीनं दात वाजत होते, चिडचिड झाली होती. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ओरडते तशी ओरडले.

‘आई!’

एकदाच. तोंडातून निघून गेल्यावर मला समजलं, मी कुठे उभी आहे आणि काय केलंय.

चुलखोलीतून आलं, ‘ओ!’ माझी हाक पुरती संपायच्या आधी. पण ते एकटं नव्हतं. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, ‘ओ! ओ व माय, आली!’ टेलरभाऊंची मशीन थांबली आणि खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला, ‘ओ!’ आणखी कोणीतरी मागच्या घरातून. मग पायांचे आवाज. फाटक आदळलं. चपलांशिवाय धावणारे पाय.

मी ओल्या अंगावर तसाच गाऊन चढवला आणि दार उघडलं. आई सगळ्यांच्या पुढे होती, हाताला कणीक. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे फरशीकडे पाहत होती. तिच्या मागे काकू, निऱ्या हातात धरून. त्यांच्यामागे टेलरभाऊ, गळ्यात टेप, तोंडात टाचणी. फाटकात मागच्या घरातले म्हातारे काका, ज्यांनी आम्हा पोरांना खालच्या लोकांच्या गोष्टी सांगून घाबरवलं होतं. ते काठी न घेताच आले होते.

‘काय झालं?’ काकूंनी विचारलं.

‘टॉवेल,’ मी म्हणाले. ‘टॉवेल पाहिजे होता.’

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील. काकू धुण्याच्या दगडावर बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. आणि रडायला लागल्या, ओरडून, जशा त्या दिवशी रडल्या नव्हत्या.

‘आमी आयकलती वो वहिनी. त्या दिवशी भाऊंची हाक आमी आयकलती. मी मागच्या अंगणात नव्हती. मी इथंच पाट्यावर होती, या भिंतीच्या पलीकडं. हात थांबवून बसलती.’

टेलरभाऊंनी तोंडातली टाचणी काढली. ती कुठे ठेवावी ते त्यांना समजेना. ‘मशीन मीच थांबवलती,’ ते म्हणाले. ‘मंग पुन्हा सुरू केली.’

काका फाटकाला धरून उभे होते आणि त्यांची मान हलत होती.

मला वर्षभर ज्यांची गचांडी धरायची होती ती सगळी माणसं माझ्यासमोर उभी होती. मी खूप बोलणार होते.

आई म्हणाली, ‘मले मालूम हाये.’ तिनं कणकेचे हात पदराला पुसले. ‘मशीन थांबली ते मी आयकलतं. पाटाबी थांबलता. सगये आपन दुसरीची वाट पाहत बसलो.’ मग ती न्हाणीच्या उंबऱ्याकडे पाहून म्हणाली, ‘त्याईच्या अंगात एकाच हाकेचा दम होता.’

हे तिनं कोणाला टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही. सांगितलं फक्त. आणि वर्षभरात पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं. काकूंच्या शेजारी, त्याच दगडावर, दोघी बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून. टेलरभाऊ खाली मान घालून गेले आणि त्यांनीच मला काकूंच्या दोरीवरचा टॉवेल आणून दिला.

चुलीवर पोळी करपली होती, धूर बाहेर येत होता. आई उठली. जाताना मला म्हणाली, ‘गाडीवाल्याले फोन कर. येऊ नोको म्हना.’

‘आई, अगं पण...’

‘तुया नागपुरात मी पडली तर कोन आयकन व? बंद दारं सगयाईची.’

काय भांडणार? माझी भीती होती की तिच्या एका हाकेला कोणी उठणार नाही. आणि माझ्या टॉवेलच्या एका हाकेला म्हातारा माणूस काठी टाकून धावत आला होता. जे त्या दिवशी बाबांसाठी उठायला पाहिजे होते, ते माझ्यासाठी उठले. याचा राग आहे मला. अजून आहे. पण ते उठले.

गाडीवाल्याला फोन लावला. त्यानं उचललाच नाही. कळंबचा पोट्टा तो. दुसऱ्यांदा लावला, उचलला.

पिशव्या सोडल्या. गणपती परत देवघरात गेला. आईनं सगळ्यांसाठी चहा केला, सगळे अंगणात उभ्यानंच प्यायले आणि आपापल्या घरी गेले. मशीन सुरू झाली. आई पुन्हा कणीक मळायला बसली, मी तिच्याजवळ बसले.

भिंतीपलीकडून काकूंची हाक आली. ‘वहिनी!’

गल्ली थांबली की नाही, मी ऐकायचा प्रयत्न केला. मशीन सुरूच होती.

‘ओ!’ आई म्हणाली.

काम काही नव्हतं. काकू पुढे बोलल्या नाहीत आणि त्यांनी पुन्हा हाकही मारली नाही.